सगळं दोन-दोन, ताई एकच

त्याला धंद्यात सगळे उंदीर म्हणायचे, आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही. पन्नाशी उलटली होती, पोट सुटलं होतं, तरी छतावरची पोकळी असो की कपाटामागची वीतभर फट, हा एका बाजूने आत शिरायचा आणि दातात तार धरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचा. ऑफिसांना नेटवर्क उभं करून देणं हा त्याचा उद्योग आणि लोकांच्या खोड्या काढणं हा छंद. कधी कधी गिऱ्हाइकाला दोन्हींतला फरक कळायचा नाही.

या वेळचं बोलावणं घरोघरी नर्स पाठवणाऱ्या एका छोट्या ऑफिसातून आलं होतं. दोन खोल्या, अकरा टेबलं, एक काचेची केबिन. केबिनमध्ये मॅडम.

"मला आमच्या ताईंना सहा आठवडे रजा द्यायची आहे," मॅडम म्हणाल्या.

"मग द्या की," उंदीर म्हणाला. "त्याला माझी परवानगी कशाला?"

मॅडम हसल्या नाहीत. त्या पूर्वी स्वतः मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या. न हसण्याची सवय तिथलीच असावी. त्यांनी काचेतून बाहेर बोट दाखवलं. पिकलेल्या अंबाड्यात दोन पेनं खोचलेल्या एक बाई कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत होत्या.

"थोडं थांबा. होईलच आता," मॅडम म्हणाल्या.

दोन मिनिटंही गेली नसतील, बाहेर कॉम्प्युटरांचे सगळे पडदे गोठले आणि अकरा टेबलांवरून एकच हाक आली, "ताईऽ". बाई उठल्या, मागच्या अडगळीच्या खोलीत गेल्या, आणि मिनिटाभरात येऊन पुन्हा खुर्चीत बसल्या, जणू पाणी प्यायला गेल्या होत्या. पडदे हलायला लागले.

"दिवसातून दोनदा तरी हे होतं. त्या आत जाऊन काय करतात हे कुणालाच माहीत नाही. मलासुद्धा," मॅडम म्हणाल्या. "त्यांची बहीण न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पुढच्या शनिवारी तिला घरी सोडणार आहेत. एकटी राहते, इथून बसने आठ तासांवर. तिला ताईंशिवाय कुणी नाही. आणि आमच्या नेटवर्कलाही ताईंशिवाय कुणी नाही."

"म्हणजे काही पडलं तरी कुणाला 'ताई' म्हणून ओरडायची वेळ येऊ नये."

"तेवढं जमलं तर रजा. नाही जमलं तर मला नाही म्हणावं लागेल. साठ पेशंट आहेत. कुठली नर्स कुणाच्या घरी जाणार याचा तक्ता एक सकाळ गेला नाही, तर कुणाचं तरी इंजेक्शन चुकतं."

उंदीर डोकं खाजवत अडगळीच्या खोलीत गेला. तिथे फळीवर एक जुना राउटर आणि सगळ्या टेबलांच्या तारा जोडणारा एक जुना स्विच होता. स्विचचा पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता. भोवती रबरी हातमोज्यांची खोकी छतापर्यंत रचलेली. ताई मागोमाग आल्याच. आपल्या स्वयंपाकघरात परका माणूस शिरल्यावर बाई जशी दारात उभी राहते, तशा उभ्या राहिल्या.

"हा जातो कशाने?" त्याने विचारलं.

"दमतो," ताई म्हणाल्या. "सकाळी सगळे यायच्या आधी मी त्याला बंद करून दहा आकडे मोजते आणि चालू करते. मग त्याचा दिवस बरा जातो. दुपारी पुन्हा एकदा लागतं."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं. रजा एकदाच घेतली. दाढ काढायला."

उंदराने एका खोक्याच्या झाकणावर पेनने चित्र काढायला घेतलं. "हे बघा. आता सगळं दोन-दोन. बाहेरून इंटरनेटच्या दोन लाइनी, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक रस्त्याच्या बाजूने आणायची, एक मागच्या गल्लीतून. दोन्ही एकाच नळीतून आणल्या तर खोदणारा एका घावात दोन्ही तोडतो, आणि खोदणारे फार मन लावून खोदतात. मग हे दोन राउटर. यांची नावं सासू आणि सून."

"का?"

"दोघींना ऑफिसातून एकाच नावाने हाक येते. सासू ओ देते. सून गप्प, पण कान तिकडेच. सासू दर सेकंदाला तिला कळवत असते, मी आहे, मी आहे, मी आहे. तीनदा आवाज आला नाही की सून उठते आणि ओ देते. हाक मारणाऱ्याला पत्ताही लागत नाही की आतलं माणूस बदललं."

"असल्या सासू-सुना मी कुठे पाहिल्या नाहीत."

"म्हणून तर विकत आणाव्या लागतात." तो खुशीत आला. "त्यांच्या खाली दोन स्विच, जुळे. दोघांना दोघींपासून तारा, आणि आपसात एक. त्यातली एखादी तार मुद्दाम झोपवून ठेवायची. सगळ्याच जाग्या राहिल्या तर निरोप नुसता गोल गोल फिरतो, ऑफिसातल्या चहाडीसारखा. कुठली तुटली की झोपलेली उठते. टेबलं वाटून टाकायची, एक या स्विचवर, शेजारचं त्या. तुमचं आणि बाहेर नर्सांचे फोन घेते त्या फोनवालीचं मात्र दोन्हींवर."

ताई झाकणावरच्या चित्राकडे बघत राहिल्या.

"मी आहे, मी आहे," त्या म्हणाल्या. "आम्हा बहिणींचंही तसंच. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन. आहेस ना? आहे. झालं, ठेवते. तीस वर्षांत आम्ही दोघी एका घरात सलग चार दिवस राहिलो नसू, पण फोन चुकला नाही. त्या दिवशी सातला वाजलाच नाही. साडेसातला मी लावला, कुणी उचलला नाही. मग शेजारणीला लावला. दुपारपासून फरशीवर पडून होती."

उंदराने पुढचा विनोद तोंडात तयार ठेवला होता. तो त्याने गिळला.

"शनिवारी बसमध्ये बसवतो तुम्हाला," तो म्हणाला. "उंदराचा शब्द."

"उंदराच्या शब्दाला किंमत काय हो?"

"तार कुरतडत नाही, एवढी तरी आहे."

पुढच्या सोमवारी दुपारपर्यंत सगळं उभं राहिलं. काम सोपवायची उंदराची एक रीत होती. तो कागद पुढे करून सही मागायचा नाही. ऑफिसातल्या प्रत्येकाला म्हणायचा, या, तुम्हाला आवडेल ती तार ओढा. माणसं आधी लाजायची आणि मग अशी ओढायची की जन्मभराचा राग काढतायत.

फोनवाली एका नर्सशी बोलता बोलता आली आणि तिने सासूचीच तार उपटली. तीन-चार सेकंद "हॅलो, हॅलो" झालं आणि बोलणं पुढे सुरू. "मला वाटलं तुमचं नाक कापलं जाणार," ती उंदराला म्हणाली, जराशी हिरमुसून. मॅडमनी येऊन एक स्विचच बंद केला. पाच टेबलं गार पडली. त्या टेबलांवरची माणसं आपापली खुर्ची शेजारच्याकडे ओढून बसली आणि काम चालू राहिलं. रस्त्याकडची लाइन काढली, मागच्या गल्लीतली धावून आली. कुणी ताईंना हाक मारली नाही.

ताईंनी काहीच ओढलं नाही. "मी कशाला," म्हणाल्या, आणि तक्ता करत बसल्या.

"वीज?" मॅडमनी विचारलं. "तीही दोन-दोन?"

"दोन-दोन," उंदीर म्हणाला.

इथे तो खोटं बोलला. चित्रात यूपीएसचे, म्हणजे वीज सांभाळणाऱ्या बॅटरीचे, दोन डबे होते, भिंतीवर एकच होता. दुसरा गुरुवारी यायचा होता, तोवर सासू, सून आणि दोन्ही जुळे त्याने एकाच यूपीएसच्या मागे लावून ठेवले होते. तात्पुरतं. त्याच्या धंद्यात तात्पुरतं या शब्दाचं आयुष्य सात-आठ वर्षं असतं, पण हे खरोखरच गुरुवारपर्यंतचं होतं. त्यामुळे त्याला ते खोटं वाटलंच नाही. मॅडमच्या कागदावर त्याने विजेपुढे बरोबरची खूण केली आणि वर एक शेपटीही काढली.

"शुक्रवारपर्यंत असंच चाललं तर ताई जातील," मॅडम म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तो दात घासत असताना त्याच्या मोबाइलने शिट्टी मारली. ऑफिसचं सगळं गेलं होतं. सासू गेली, सून गेली, जुळे गेले. तोंडात फेस घेऊन तो शर्ट शोधेपर्यंत सगळं परतही आलं.

"कोण मेलं?" बायकोने विचारलं.

"सासू आणि सून, एकदमच. पण उठल्या."

"दोघी एकदम, म्हणजे घोळ तूच घातलेला असणार," बायको म्हणाली.

त्याने विजेवर ठपका ठेवला आणि दुसऱ्या कामावर गेला. बुधवारी बरोबर त्याच वेळी पुन्हा शिट्टी. या वेळी मात्र निभावलं नाही. तक्ता बुधवारपासून रोज आठला आपोआप सुटणार होता, एकेका नर्सला, पाव तासभर. तो अर्ध्यातच तुटला. नऊला मॅडमचा फोन आला.

"दोन्ही एकदम पडत नाहीत म्हणाला होतात."

"नाहीच पडत."

"पडले. ताई लवकर आलेल्या होत्या म्हणून वाचलो. राहिलेल्या तीस जणींना त्यांनी एकेकीला फोन करून पत्ते सांगितले. मी त्यांना आज सांगणार आहे, तिकीट रद्द करा म्हणून. मला ते सांगताना बरं वाटणार नाही. पण सांगावं लागेल."

"एक दिवस द्या," उंदीर म्हणाला. एरवी त्याचा आवाज असा विनवणीचा कधी निघायचा नाही.

"उद्याचा एक."

दिवसभर तो चिडलेला राहिला, आणि चीड सगळी स्वतःवर. त्याला आता पक्कं कळलं होतं की जे काही होतंय ते त्या एकट्या यूपीएसमधून होतंय. इमारतीची वीज गेली नव्हती. त्याने पहारेकऱ्याला विचारलं, लिफ्ट मध्ये कुठे अडकली नव्हती. म्हणजे कुणाचा तरी हात. आणि हात कुणाचाही असो, तात्पुरतं त्याचं स्वतःचं होतं. शेपटीसकट.

गुरुवारी सकाळी सातला त्याने पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली. पहिलं काम, लांब वायर टाकून सून आणि एक जुळा यूपीएसवरून काढले आणि पलीकडच्या खोलीतल्या भिंतीला स्वतंत्र लावले. मग हातमोज्यांच्या खोक्यांमागे, जिथे मांजर बसलं असतं तर त्यालाही अवघडल्यासारखं झालं असतं, तिथे पोट आवळून बसला.

आठच्या सुमाराला कुलूप वाजलं. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज, चपला काढल्याचा. मग ताई आत आल्या. दिवा न लावता त्या सरळ फळीपाशी गेल्या. जुन्या स्विचच्या जागी आलेल्या नव्याला त्यांनी तळहात लावून पाहिला, ताप पाहतात तसा. मग खाली वाकून यूपीएसचं बटण दाबून धरलं.

सासू विझली. तिच्या बाजूचा जुळा विझला. शेजारी सून आणि दुसरा जुळा हिरवे डोळे मिचकावत चालूच राहिले.

ताई तशाच वाकलेल्या राहिल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं. मग, आता काय करायचं ते न सुचल्यासारखं, त्या हळू आवाजात मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. दहापर्यंत मोजून त्यांनी बटण पुन्हा दाबलं.

"अकरा," खोक्यांमागून उंदीर म्हणाला.

ताईंनी ओरडायचं टाळलं. छातीवर हात ठेवला आणि मागच्या खोक्यावर बसल्या. खोकं हातमोज्यांचं असल्यामुळे हळूहळू खाली बसत गेलं, आणि ताईही.

"उंदीरराव," त्या म्हणाल्या, "मी मेले असते तर?"

"तुमच्या जागी दुसरी ताई उठली असती. सगळं दोन-दोन आहे." तो बाहेर आला, अंगावरची धूळ झटकली आणि समोर जमिनीवर बसला. ताईंचा चेहरा पाहून त्याने खोडी तिथेच सोडली. "ताई, बटण कशाला?"

"हात जातो. अकरा वर्षांचा हात आहे, त्याला कुणी सांगायचं? मंगळवारी खरंच माहीत नव्हतं की सगळं जाईल."

"आणि काल?"

ताईंनी अंबाड्यातलं एक पेन काढलं, पुन्हा खोचलं.

"काल थोडं माहीत होतं."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर वर ढकललं. उंदराने टिंगलीची ही संधी सोडून दिली. त्याच्या बायकोने पाहिलं असतं तर तारीख लिहून ठेवली असती.

"इथे मला कळतं," ताई म्हणाल्या. "काय दमलं, कशाने उठतं. तिकडे जाऊन मी काय करणार? अकरा वर्षं मी लोकांच्या घरी नर्सा पाठवते. पेशंटला कसं उठवायचं याचा कागद मीच सगळ्यांना धाडते. पण स्वतः मी आजवर एका माणसाला खुर्चीतून उठवलेलं नाही. आणि ती कोण आहे माहीत आहे का? मला सायकल शिकवणारी. मागून सीट धरून धावायची. ती माझ्या हातून पडली तर? आत्ता जोडलेलं हाड आहे."

"म्हणून तिकीट रद्द झालेलं बरं."

"असं मी म्हटलं नाही." ताईंचा आवाज बारीक झाला. "पण काल मॅडमनी सांगितलं, उद्या बघू, नाहीतर रद्द करा. तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग रात्रभर स्वतःची लाज."

उंदराने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात हात असलेली एक मोडकी खुर्ची होती. ती त्याने ओढून मध्ये घेतली, तिच्यात बसला आणि एक पाय लांब केला.

"उठवा," तो म्हणाला.

"काय?"

"मी तुमची बहीण. खुबा मोडलाय. उठवा मला."

"तुम्ही नव्वद किलोचे आहात."

"मग बहीण सोपी जाईल. चला. मला सायकल शिकवायची आहे अजून."

ताईंना हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. मग त्या पुढे झाल्या. त्यांनी त्याच्या दोन्ही काखांत हात घातले, श्वास घेतला आणि ओढलं. उंदीर इंचभर वर आला, खुर्ची कलंडायला लागली, त्याने घाबरून ताईंच्या गळ्याला मिठी मारली, आणि दोघं त्या मिठीत खोक्यांच्या भिंतीला जाऊन टेकली. वरचं एक खोकं फुटलं. हातमोजे खाली पडले.

दारात मॅडम उभ्या होत्या. आज पडतंय का, ते डोळ्यांनी बघायला त्याही लवकर आल्या होत्या.

एक हातमोजा उंदराच्या टकलावरून घरंगळत खांद्यावर आला.

"तक्ता पूर्ण गेला," मॅडम म्हणाल्या. "साठच्या साठ. आज काही पडलं नाही."

"माझ्या चुकीने आजही पडायला हवं होतं," उंदीर म्हणाला आणि ताईंच्या गळ्यातून हात काढले. "मॅडम, सोमवारी मी तुम्हाला खोटं सांगितलं. वीज दोन-दोन नव्हती. सगळं एकाच डब्याच्या मागे होतं. म्हणून दोन दिवस सगळं एकदम गेलं. आज सकाळी वेगळं केलं, दुपारी दुसरा डबा येतोय. चूक माझी."

"पण डबा आपणहून बंद होत नाही," मॅडम म्हणाल्या.

उंदराच्या जिभेवर तीन थापा तयार होत्या, एकाहून एक सरस. उंदीर चावला, ही त्यातली सगळ्यात वाईट. पण ताई आधी बोलल्या.

"बटण मी दाबलं. तिन्ही दिवस. आत्ताही."

आणि मग उभ्याउभ्या, हातमोज्यांच्या ढिगात, त्यांनी सगळं सांगितलं. हाताचं, कालचं, बहिणीचं, सायकलचं. मॅडम ऐकत होत्या. हॉस्पिटलात नातेवाइकांचं ऐकतात तसं, मध्ये न बोलता, चेहरा जागचा न हलवता. उंदराला वाटलं, गेली रजा.

मॅडमनी पर्स फळीवर ठेवली. मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. बाह्या वर सारल्या.

"काखेत कधी धरायचं नाही," त्या म्हणाल्या. "खांदा निखळतो. बसा हो तुम्ही पुन्हा."

उंदीर बसला.

"बूड पुढे. अजून पुढे. खुर्ची उंच हवी ताई, ही फार बुटकी आहे. तिकडे खुर्चीवर गादी टाका. दुखरा पाय पुढे सरकवायचा आधी. पायावर पाय टाकू द्यायचा नाही, खाली वाकू द्यायचं नाही. आता तुम्ही दुखऱ्या बाजूला उभ्या राहा. एक हात कमरेमागे, एक खांद्यापुढे. ओढायचं नाही. जोर तिने लावायचा, खुर्चीच्या हातांवर दाबून. ती उठते. तुम्ही नुसतं तिथे असायचं."

"नुसतं?"

"ती डगमगली तर धरायला. बाकी काही नाही. उचलायला गेलात की दोघीही पडाल."

"हे म्हणजे अगदी माझ्या सुनेसा—" उंदराने तोंड उघडलं.

"तुम्ही बोलू नका. तुम्ही पेशंट आहात."

ताई त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या. त्यांनी एक हात त्याच्या कमरेमागे नेला, दुसरा खांद्यापुढे धरला. उंदराने खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि खऱ्याखुऱ्या म्हाताऱ्या बाईसारखा कण्हत उठला. मध्येच त्याला हुक्की आली. तो मुद्दाम डावीकडे कलला. ताईंच्या हाताने त्याला जागच्या जागी धरलं. एकदम घट्ट, अगदी न विचार करता.

"हं," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा."

सात वेळा उठला तो त्या सकाळी. पाचव्या वेळी फोनवाली डोकावली, आतलं दृश्य बघून म्हणाली, "मी मग येते," तर मॅडमनी तिलाही आत घेतलं. ताई नसताना तक्ता कसा सुटतो आणि यंत्रं कुठे बसतात, ते तिला आजपासून शिकायचं होतं. फोनवालीने एकच प्रश्न विचारला, त्यात उंदराला उठवणं धरलंय का.

रजेबद्दल कुणी काही बोललं नाही. दुपारी दुसरा यूपीएस आला, भिंतीवर बसला, आणि मॅडमनी आपल्या हाताने दोन्ही बटणं आळीपाळीने दाबून बघितली. शेपटीवाल्या खुणेखाली त्यांनी तारीख घातली. मग ताईंना म्हणाल्या, "बस शनिवारी किती वाजता आहे?"

सोमवारी दुपारी उंदीर दुसऱ्याच एका ऑफिसात होता. शिडीवर उभा, कमरेपर्यंत छताच्या आत. खिशातला फोन वाजला. पोट आवळून त्याने तो कसाबसा कानाला लावला.

"उंदीरराव, ताई बोलतेय. काही पडलं का हो?"

काहीच पडलं नव्हतं. सकाळी रस्त्याकडची लाइन कुणीतरी खोदून तोडली होती आणि ऑफिसात कुणाला अजून ते ठाऊकही नव्हतं. उंदीर विचारात पडला. काहीच पडलं नाही म्हणावं तर त्यांना आपली कुणाला आठवण नाही असं वाटणार. पडलं म्हणावं तर त्या पुढच्या बसने येऊन उभ्या राहणार. एवढ्या वर्षांत थाप मारायची की खरं बोलायचं, यावर त्याने इतका वेळ कधी घेतला नव्हता.

तेवढ्यात पलीकडून दुसरा आवाज आला, जाड आणि हुकमी. "चिमे, कुणाशी बोलत बसलीस? मला जायचंय."

"थांब गं ताई, कामाचा फोन आहे."

"मी थांबेन. बाकीचं थांबणार नाही."

"बरं, बरं." फोन कशावर तरी उपडा ठेवल्याचा आवाज झाला. तो बंद करायचं मात्र राहून गेलं.

उंदराला अंधारात हसू फुटलं. अकरा टेबलांच्या ताई तिकडे कुणाच्या तरी चिमी होत्या.

"पाय पुढे. तो नाही, दुसरा."

"माझा पाय मला माहीत आहे."

"मग घे की पुढे. खुर्चीवर दाब. माझ्या गळ्याला नको, खुर्चीवर."

"तू ओढ ना जरा."

"ओढायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"सांगितलं एकीने. ऊठ."

मग नुसता श्वास ऐकू आला. एकीचा की दोघींचा, कळेना. खुर्ची करकरली. कुणीतरी "आई गं" म्हणालं, दाबून. उंदराने शिडीचा वरचा दांडा गच्च धरला. खालून ऑफिसवाल्यांनी विचारलं, वर काही अडकलंय का. त्याने छताबाहेर एक हात काढून त्यांना गप्प केलं.

"उभी आहे मी," जाड आवाज म्हणाला, आश्चर्य वाटल्यासारखा.

"दिसतंय मला."

"मग रडतेस कशाला?"

"चल पुढे. आता नाही थांबत म्हणत होतीस ना."

वॉकरचे चार पाय फरशीवर टेकले, उचलले, पुन्हा टेकले. आवाज हळूहळू लांब जात राहिला. दोघी काहीतरी भांडत होत्या, न्हाणीघरात दिवा आधी लावायचा की दार आधी उघडायचं. मग दार लागलं आणि फोनमध्ये रिकाम्या खोलीची शांतता राहिली.

उंदराने फोन खिशात घातला, दातांत तार धरली आणि छतात पुढे सरकला.